शब्दचर्चा : ‘अवयव किती?’ ३, ८, ४५ की २?

घणसोलीकर : ठाण्यातल्या एका सरावपत्रिकेतला प्रश्न : ‘१२३४५६७८९८७६५४३२१ या मूळ संख्येचे अवयव किती?’ उत्तर ३ छापलंय. मुलांची उत्तरं ८ आणि ४५ आली, एकाने तर २ लिहिलं. घोळ गणिताचा की शब्दांचा?

नौपाडा : शब्दांचा. आधी संख्या फोडू. हा १११११११११ (नऊ एके) चा वर्ग आहे. नऊ एके म्हणजे १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. वर्ग केला की ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा.

आता मोजा. वेगवेगळे मूळ अवयव ३. प्रत्येक जितक्या वेळा येतो तितका धरला तर ८. विभाजक मात्र (४+१) × (२+१) × (२+१) = ४५. ‘अवयव पाडा’ म्हणजे संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडा. ‘विभाजक लिहा’ म्हणजे १ पासून खुद्द त्या संख्येपर्यंत, बाकी न ठेवणारे सगळे. ‘अवयव किती’ एवढंच विचारलं तर तिघांनाही गुण द्यावे लागतील.

नेरुळ : आणि २ लिहिणाऱ्यालाही! प्रश्नात ‘मूळ संख्येचे’ म्हटलंय. लिहिणाऱ्याला ‘दिलेली’ म्हणायचं असावं, पण गणितात मूळ संख्येला विभाजक दोनच असतात, १ आणि ती स्वतः. त्यात ‘मूळ’ शब्द वर्गमूळ, समीकरणाची मुळे यांतही आहेच. म्हणून ‘दिलेली संख्या’ लिहावं, ‘मूळ’ राखून ठेवावा. हिंदीतला ‘अभाज्य’ हा घोळ टाळतो खरा, पण आपल्या पुस्तकांत ‘मूळ’ रुळलाय, आता कुठे बदलता!

भाजक आणि विभाजकही एक नव्हेत. १७ ला ५ ने भागलं तर ५ हा भाजक, बाकी २. विभाजक म्हणायला बाकी शून्यच हवी.

घणसोलीकर : ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? शाळेच्या पद्धतीने किती भागाकार करायचे?

नौपाडा : त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मधे येतं, म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्या. पण एवढं नको. १००१००१ ला भागणारी, ३ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. १० चे घात करत गेलं तर त्या संख्येने भागून बाकी १ पहिल्यांदा येते ती नवव्या घाताला, कारण १००१००१ × ९९९ म्हणजे नऊ नऊ, १० च्या नवव्या घातापेक्षा एकने कमी. तिसऱ्याला आली असती तर १००१००१ ला भागून बाकी ३ उरली असती. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की मूळ संख्येतून १ वजा करून तितकावा १० चा घात घेतला तरी बाकी १ येते; मग त्या वजाबाकीला ९ ने भाग जायलाच हवा, आणि ती विषम असल्याने १८ ने. उरतात १९, ३७, ७३, १०९ अशा ५७७ पर्यंतच्या फक्त १७. एकीनेही भाग जात नाही. ३७ जवळून हुकतो, बाकी १.

नेरुळ : एक व्यवहारातली अडचण. ही संख्या एक्सेलच्या चौकटीत घातली तर १२३४५६७८९८७६५४३०० होते, कारण तिथे पहिले १५ अंकच टिकतात. शेवटी दोन शून्यं आली की २ आणि ५ अवयव म्हणून घुसतात आणि सगळंच बिघडतं. चौकटीला मजकूर म्हणून ठेवलं तर अंक वाचतात, पण गणित होत नाही. त्यापेक्षा १११११११११ चे अवयव पाडावेत आणि प्रत्येक दुप्पट वेळा घ्यावा.

घणसोलीकर : पटलं. आता ही संख्या वाचायची कशी?

नौपाडा : सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या क्रमाने कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. डावीकडचा १ ‘मध्य’ स्थानी बसतो, परार्धाला एक अंक कमी. आणि हिला नावही आहे, डेम्लो संख्या. डहाणूत जन्मलेले गणिती द. रा. कापरेकर यांनी ते डोंबिवली स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून ठेवलं, कल्पना तिथे सुचली म्हणून.