'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६): रंगाचा पुरावा कृष्णधवल पडद्यावर चालतो का?

मध्यंतर: रहस्यभेद आहे. पाहिला नसेल तर इथेच थांबा.
सिडनी गिलियटचा हा चित्रपट मला ब्रिटिश रहस्यपटांत फार वरचा वाटतो, पण मुख्य पुराव्याबाबत प्रेक्षकावर अन्याय झालाय. ऑगस्ट १९४४, इंग्लंडमधलं गावाकडचं इस्पितळ, वरून जर्मन उडते बॉम्ब. जखमी पोस्टमन हिगिन्स भूल देतानाच टेबलावर दगावतो. खुन्याने कार्बन डायऑक्साइडचा हिरवा सिलिंडर काळा-पांढरा, म्हणजे ऑक्सिजनसारखा रंगवलेला असतो. पडद्यावर हिरवा दिसणार कसा? इन्स्पेक्टर कॉक्रिलला रंग दिसतात, आपल्याला राखाडी छटा. मग आपण तर्क करायचा तो कशाच्या जोरावर?

धूसर: साफ असहमत. रंगवल्यावर त्या सिलिंडरवर हिरवं उरतंच कुठे? ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना काळा-पांढरा दिसतो, आपल्यालाही तसाच. भूलतज्ज्ञ डॉ. बार्न्स आणि प्रेक्षक एकाच पातळीवर आहेत. खरा धागा काळ्या रंगाच्या डागाचा. तो गाऊनवर लागतो आणि त्या गाऊनपायी सिस्टर बेट्सचा जीव जातो. पांढऱ्या कापडावर काळा डाग याहून कृष्णधवल पुरावा कोणता हवा?

मध्यंतर: डाग दिसला तरी 'कशाचा रंग, कशावर?' हे सुचायला मुळात दुसऱ्या रंगाचा सिलिंडर असतो हे माहीत हवं. १९४६ च्या सामान्य प्रेक्षकाला ते कुठून माहीत?

सायंतारा: रंगावर भांडण्यात अर्थ नाही, खरी पळवाट श्वासात आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की आधी धाप लागते: श्वास खोल आणि जलद, नाडी जोरात, घाम, चेहरा लाल. भूल देणाऱ्याचा हात रोग्याच्या श्वासाच्या रबरी पिशवीवर असतो, ती जोरजोरात फुगते-आकसते हे कळायला नजरेचीही गरज नाही. शिवाय दाब बघा. ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायुरूपातच असतो, भरलेला असताना हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक दाब. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, खोलीच्या तापमानाला साधारण ५५-६० पट, आणि द्रव संपेपर्यंत दाब तेवढाच राहतो. दाबमापक लावला असता तर काट्यानेच चुगली केली असती.

धूसर: दाबाचा मुद्दा बिनतोड, श्वासाचा नाही. त्या काळी भूल लवकर चढावी म्हणून थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम दिला जायचा. म्हणजे सुरुवातीच्या खोल श्वासाने कोणी दचकलं नसतं. इकडे भूल देणारा वायू नायट्रस ऑक्साइड चालूच आणि ऑक्सिजन शून्य, त्यामुळे काही मिनिटांतच रोगी निळा पडतो. तेव्हा ना पल्स ऑक्सिमीटर, ना उच्छ्वासातला वायू मोजणारं यंत्र. रोगी निळा दिसला की भूलतज्ज्ञ काय करणार? ऑक्सिजनची कळ आणखी उघडणार, म्हणजे मारणारा वायूच वाढवणार! या योजनेचं क्रौर्य इथे आहे. त्यात बार्न्सच्या हाताखाली आधीही एक रोगी दगावलेला, त्यामुळे सगळ्यांची नजर यंत्राऐवजी माणसावर जाते.

सायंतारा: ठीक, कळ उघडण्याचा मुद्दा मान्य. पण धाप एका क्षणासाठी तरी दाखवायला हवी होती. जाणकार प्रेक्षकाला तेवढा इशारा पुरला असता. आज मात्र ही युक्ती रंगाने साधणार नाही. १९५० च्या दशकात पिन-इंडेक्स आलं. सिलिंडरच्या झडपेला ठराविक जागी भोकं, यंत्रावर सिलिंडर अडकवायच्या जोखडाला तशाच पिना: ऑक्सिजनला जागा क्रमांक २ आणि ५, शुद्ध कार्बन डायऑक्साइडला १ आणि ६. कितीही रंगवा, चुकीचा सिलिंडर बसतच नाही. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, वर पांढरा. कार्बन डायऑक्साइडचा राखाडी.

पडदाप्रेमी: न्याय्य-अन्याय्य ठरवायचं तर शेवट पाहा. खुनी निघालेल्या नर्स सॅन्सनने विष घेतलंय, सर्जन ईडन उतारा टोचायला धावतो आणि कॉक्रिल त्यालाच हल्लेखोर समजून अडवतो. ती मरते. कॉक्रिलने पाहिलं तेच आपणही पाहिलेलं असतं. अ‍ॅलिस्टर सिमने साकारलेला इतका मिश्कील इन्स्पेक्टर त्या एका क्षणी पार चुकतो आणि वरिष्ठांना लिहिलेल्या अहवालात राजीनामा देऊ करतो. प्रेक्षकाशी याहून प्रामाणिक वागणं कोणतं?

मध्यंतर: ते सुईबद्दल झालं, सिलिंडरबद्दल नाही. हिगिन्सला आत आणण्याआधी सिलिंडर जोडतानाचा एक ठळक शॉट हवा होता: 'काळा-पांढरा ऑक्सिजन, हिरवा कार्बन डायऑक्साइड' असं कोणीतरी नव्या नर्सला सांगतंय. दहा सेकंदांचं काम. तेवढं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

धूसर: आणि त्याच दहा सेकंदांत निम्म्या प्रेक्षकांनी रहस्य ओळखलं असतं. चित्रपटाच्या नावातच हिरवा आहे, त्याहून मोठा इशारा मला नको.