क्लायंट नसलेलं चित्र

मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून अप्लाइड आर्ट केलं, पुढची ३१ वर्षं जाहिरातींत गेली. निवृत्त झाल्यावर जलरंग आणले आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जाऊन बसलो. पहिला घोळ पांढऱ्याचा. हाताला सवय पोस्टर कलरची: आधी गडद, सपाट रंग मारायचा, उजेडाचे ठिपके शेवटी पांढऱ्यानं. चुकलं तर वरून आणखी एक थर. जलरंगात पांढरं म्हणजे कागदच, पाण्यावरचं ऊन आधीच राखून ठेवावं लागतं. माझ्या कृष्णेत ऊन उरलंच नाही.

दुसरं, रेघ. रोट्रिंगच्या शाईपेननं ब्रोमाइडभोवती, म्हणजे छपाईसाठी चिकटवलेल्या फोटो-प्रिंटभोवती, एकसारख्या चौकटी आखून हात असा झालाय की घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या काल बांधल्यासारख्या येतात. चार वर्षं झाली, आता कुठे एखादी पायरी झिजायला लागलीय.

पोटासाठी कमर्शियल केलं आणि उतारवयात चित्राकडे परतलात, त्यांनी लिहा. प्रदर्शनांचं नको, हाताचं लिहा.

* * *

दादा, मी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करायची. साठीनंतर तैलरंग घेतले. पहिली पाच-सहा चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती, तर नणंद म्हणाली, "वहिनी, सगळ्यांच्या डोक्यावर एवढं आभाळ का सोडलंय?" बघितलं तर खरंच, प्रत्येक चित्राचा वरचा भाग रिकामा. अंकाचं नाव यायचं ना तिथे! एकात तर किमतीसाठी कोपराही सोडला होता. आता मुद्दाम वरच्या कडेपासून सुरुवात करते.

घाई मात्र जात नाही. तैलरंग वाळायला दिवसचे दिवस लागतात, आणि माझ्या डोक्यात अजून "सकाळी प्रेसचा माणूस येईल". ओल्यावरच दुसरा रंग चढवते, मग चिखल.

* * *

आम्ही कोल्हापूरचे बोर्ड पेंटर, कॉलेजबिलेज काही नाही. सिनेमाचं बॅनर करताना फोटोवर चौकोन पाडायचे, तेच कापडावर मोठे करायचे. परातीएवढा डोळा! जवळनं बघाल तर नुसते फटकारे, रस्त्यापलीकडनं हिरॉइन. फ्लेक्स आलं आणि धंदा बसला. मग पोराच्या दुकानात गल्ल्यावर बसलो.

आता पहाटे वही घेऊन रंकाळा तळ्यावर जातो. पण छोट्या कागदावर हात खांद्यातनंच फिरतो, मनगट हलायला तयार नाही. तळ्यातला दगडी संध्यामठ काढायला घेतला की निम्मा कागदाबाहेर. आबालाल रहिमानांसारख्या थोर चित्रकाराच्या गावात राहून ही आमची तऱ्हा! शेवटी घरच्या गच्चीच्या भिंतीवर चुना मारला आणि तिथं रंकाळा काढला. बायको म्हणते, "वाळवणं कुठं घालू?" तिचंही बरोबर आहे, रंगाच्या डब्यांनी गच्ची भरलीय.

* * *

मी पॅकेजिंगवाला. बिस्किटांचे पुडे, उदबत्तीचे खोके. एकाही कामावर सही नाही, तशी पद्धतच नव्हती. परवा दोन पेरूंचं चित्र पुरं झालं, तर सही कुठे करायची नि केवढी, कळेना. अर्धा तास बसून होतो. शेवटी मागे पेन्सिलीनं केली.