जिराफाच्या मानेतून वर चढणारा घास

‘जिराफ काय, झेब्रा काय, दोघंही गवतावर जगणारे, नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाच्या माळावर सोडले की झालं’ असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. झेब्रा गवत खातो हे खरं, पण जिराफाचं मुख्य खाणं झाडपाला, तोही बाभळीच्या जातकुळीतल्या काटेरी झाडांचा. साधारण दीड फुटाची काळपट जीभ काट्यांमधून वळवून तो पानं ओरबाडतो. त्याला झाडं हवीत, नाहीतर पाला उंचावर टांगून द्यायला हवा.

नागपूरहून आईला घेऊन म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. जिराफ नुसता उभा होता, लोक दोन मिनिटं थांबून पुढे जात होते. आई मात्र हलेना. जन्म शेतात, गाईम्हशींत गेलेला. तिनेच दाखवलं, ‘तो बघ गोळा वर चाललाय.’ गिळलेला घास रवंथासाठी त्या लांबलचक मानेतून वर सरकताना बाहेरून स्पष्ट दिसतो! आम्ही अर्धा तास तेच बघत होतो. झेब्र्यात हे दिसणार नाही. तो घोड्याच्या कुळातला, रवंथ करतच नाही, म्हणून दिवसाचा बराच वेळ चरत राहतो.