बर्नीला पैसे देणारे फुकटे नव्हते

मक्याच्या_देशात:
काल निवडणुकीच्या गप्पांत अटलांटाचे_आप्पा यांनी लिहिलं की डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी २०१६ ला हिलरीशी आणि २०२० ला बायडनशी लढलेल्या बर्नी सँडर्सच्या मागे लागलेली सगळी म्हणजे "कॉलेज फुकट, औषध फुकट मागणारी फुकट्यांची फौज" आणि २०१६ ला ट्रम्प आला तो यांच्यामुळेच. वाचून डोकंच फिरलं. दोन ओळीत भागणार नाही म्हणून वेगळं लिहितेय.

आप्पा, फुकटा कोणाला म्हणायचं? बर्नीच्या २०१६ च्या प्रचारात सरासरी देणगी २७ डॉलर होती. बड्या लोकांच्या बंगल्यात जेवणावळी घालून गोळा केलेला पैसा नाही, शिक्षक, नर्स, गोदामात खोकी उचलणारे असे लोक पगारातून थोडेथोडे पाठवत होते. मी तेव्हा आयोवात, व्हिसावर. मत नाही, आणि व्हिसावरच्या माणसाला देणगीही देता येत नाही, पण बिनपगारी काम करायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून जानेवारीच्या थंडीत दारं ठोठावत फिरले. हातमोजा काढल्याशिवाय फोनवरच्या यादीतलं नाव टिचकवता यायचं नाही आणि काढला की बोटं बधिर. एका दारात रात्रपाळीहून आलेली नर्स भेटली, म्हणाली पटतंय सगळं पण कॉकसच्या, म्हणजे सभेत जमून पक्षाचा उमेदवार निवडायच्या, संध्याकाळी ड्युटी आहे. तिथे तेव्हा स्वतः हजर राहावं लागायचं ना, त्यामुळे जिच्यासाठी हा खटाटोप तिचीच मोजणी नाही.

त्या रात्री शाळेच्या जिममध्ये बघ्यांच्या बाकावर बसून मी सगळं पाहिलं. हिलरीवाले एका भिंतीला, बर्नीवाले दुसऱ्या, एकेक जण मोठ्याने आपला आकडा म्हणणार, आणि १५ टक्के न गाठलेल्या तिसऱ्या उमेदवाराच्या, ओमॅलीच्या, लोकांना दोन्हीकडून ओढाओढ. राज्याचा निकाल हिलरी ४९.८, बर्नी ४९.६. ज्याला सुरुवातीला कोणी विचारत नव्हतं त्याला लोकांनी इथवर आणलं. याला कष्ट म्हणतात.

अटलांटाचे_आप्पा:
ताई, थंडीत फिरलात, आदर आहे. पण आयोवा म्हणजे अमेरिका नव्हे. आयोवात गोरे, न्यू हॅम्पशायरमध्ये गोरे, त्याच्या स्वतःच्या व्हरमाँटचं तर सोडाच. पक्षाच्या मतदारांत कृष्णवर्णीय जास्त असलेल्या दक्षिण कॅरोलायनात २०१६ ला हिलरीला ७३ टक्के, बर्नीला २६. चार वर्षांनी परत तेच, बायडन ४८ च्या वर आणि तुमचा माणूस वीसच्या आत. माझ्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहायच्या, चर्चच्या बसने लोकांना मतदानाला नेण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आम्हाला क्रांती नको, जिंकणारा हवा, कारण हरलो की पहिला फटका आम्हाला बसतो. तळागाळ तळागाळ म्हणता, मग ही बाई कुठल्या गाळातली? तिच्या दारात तुमची पोरं कधी आली?

वऱ्हाडी_मिशिगनमध्ये:
आप्पा, मिशिगनबद्दलही बोला की भाऊ. मार्च २०१६ ला सर्व्हेंच्या सरासरीत हिलरी वीसेक टक्क्यांनी पुढे होती आणि जिंकला बर्नी. का, तर इथे कारखाने गेलेत आणि नाफ्तासारख्या (कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापार) करारांविरुद्ध हा एकटा पहिल्यापासून बोलत होता. नोव्हेंबरात हेच राज्य ट्रम्पने १०,७०४ मतांनी घेतलं. हिलरीच्या लोकांनी तेव्हा कान उघडे ठेवले असते तर?

आणि आपल्या माणसाचा विषय काढतोच. २०१८ ला श्री ठाणेदार गव्हर्नरच्या प्रायमरीला (पक्षातल्या उमेदवारीच्या निवडणुकीला) उभे होते, बेळगावचा मराठी माणूस म्हणून मला पण कौतुक होतं. ते स्वतःला सगळ्यात पुरोगामी म्हणवायचे, जाहिराती तुफान, खर्च मुख्यतः स्वतःच्या खिशातून. बर्नीने पाठिंबा दिला होता अब्दुल अल सय्यदला. निकाल काय, सय्यद ३० टक्के, ठाणेदार १८ च्या आत, व्हिटमर जिंकल्या. टीव्हीवर चेहरा विकत घेता येतो, दारात जाणारी माणसं विकत मिळत नाहीत.

अटलांटाचे_आप्पा:
३० टक्के म्हणजे पण हरलाच ना. बर्नीचे सगळे विजय असे नैतिकच कसे?

ह्यूस्टनकर_बाळ:
मला एकच विचारायचंय. ऑगस्ट २०१९ ला ह्यूस्टनमध्ये मुस्लिम संघटनेच्या अधिवेशनात येऊन काश्मीरवरून भारताला झापायचं या माणसाला काय कारण होतं? त्या दिवसापासून माझ्यासाठी विषय संपला. आपली मराठी पोरं त्याच्यासाठी फोन फिरवत होती याची लाज वाटते.

मक्याच्या_देशात:
बाळ, तो येमेनच्या युद्धावरून स्वतःच्या सरकारलाही झापत होता, इस्रायललाही. तुम्हाला तेवढं एकच वाक्य खुपतं. लाज वाटण्यासारखं त्या पोरांनी काही केलेलं नाही, शब्द मागे घ्या.

रांगेतला_माणूस:
काश्मीर राहू द्या, आमचं बघा. ग्रीन कार्डच्या रांगेत आयुष्य चाललंय. दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, ती काढायचं बिल २०१९ ला सिनेटमध्ये अडवलं ते डर्बिनने, डेमोक्रॅटिक पक्षाच्या. बर्नी तर एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर पहिल्यापासून नाराज, कंपन्या स्वस्त मजूर आणतात म्हणायचा. मी स्वस्त मजूर आहे का? त्याच्यासाठी आम्ही का राबायचं?

मक्याच्या_देशात:
तो तुम्हाला नाही, कंपनीला बोलत होता. नोकरी बदलायची म्हटलं की तुम्हाला घाम फुटतो तो कंपनीच्या हातात व्हिसा आहे म्हणून. आणि व्हिसाइतकंच इन्शुरन्सने बांधलेलं आहे. माझ्या भावाची नोकरी गेली तेव्हा वहिनीला सातवा महिना. साठ दिवसांत दुसरी नोकरी बघा नाहीतर देश सोडा, आणि तेवढ्यात महिनाअखेरीला इन्शुरन्स बंद. कोब्रा कायद्याने तोच चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के. कागद आला तेव्हा भावाने आकडा बघून तो घडी घालून फ्रिजवर ठेवला आणि आईला सांगू नको म्हणाला. आई पुण्याहून रोज विचारायची, सोनोग्राफी झाली का. नव्हती झाली. बर्नीचं मेडिकेअर फॉर ऑल, सगळ्यांना सरकारी इन्शुरन्स, म्हणजे फुकट नाही हो आप्पा, टॅक्समधून भरायचंय, फक्त नोकरी गेली म्हणून डॉक्टर जाऊ नये.

टोरांटोची_मावशी:
सरकारी इन्शुरन्ससाठी कॅनडाची उदाहरणं देणार असाल तर आधी मला विचारा! गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताटकळत बसलेय, जिना चढताना देव आठवतो. स्पेशालिस्टची तारीख मिळेपर्यंत दुसरा गुडघाही गेला.

वऱ्हाडी_मिशिगनमध्ये:
मावशी, त्रास खराच आहे. पण ऑपरेशन झाल्यावर घर गहाण टाकावं लागणार आहे का?

टोरांटोची_मावशी:
नाही. ते नाही. पण तुम्हाला वाटतं तसा स्वर्गही नाही हे लिहून ठेवा.

रांगेतला_माणूस:
आमच्या टीममधल्या एकाने ॲम्ब्युलन्स नको म्हणून उबर बोलावली, छातीत दुखत असताना. बिलाच्या भीतीने. तो वाचला, पण हे मी विसरू शकत नाही. तरी डर्बिनचं उत्तर कोणी दिलेलं नाहीये.

अटलांटाचे_आप्पा:
विषय कुठल्या कुठे नेलात. ताई, आधी कामाचं सांगतो, इथे कोणाला उपयोगी पडेल. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि मागच्या तारखेपासून लागू होतो. त्या ६० दिवसांत काही झालंच तर तेव्हा घ्या, मागचे हप्ते भरा, सगळं कव्हर होतं. तुमच्या भावाला कंपनीच्या एचआरने हे सांगायला हवं होतं.

आता मान्य करायचं तेवढं करतो. २०१८ ला पक्षाने सुपरडेलिगेटचं, म्हणजे उमेदवार निवडताना आपोआप मत मिळणाऱ्या पक्षनेत्यांचं, पहिल्या फेरीतलं मत काढून घेतलं ते बर्नीवाल्यांनी रेटलं म्हणूनच. न्यूयॉर्कचा नियम पण अन्यायाचा होता, एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा अर्ध्या लोकांना बर्नी कोण हेच माहीत नव्हतं. "फुकटे" हा शब्द तुम्हाला लागला असेल तर खोडा. पण त्या आजींच्या दाराचं उत्तर कुठेय? दोन वेळा तीच चूक, आणि दोष कोणाला तर पक्षाला, बायडनला पाठिंबा देणाऱ्या खासदार क्लायबर्नला, शर्यत सोडून बायडनमागे गेलेल्या बुटिजजला. एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान असलेल्या त्या मंगळवारच्या आधी बरेच जण बायडनमागे गेले म्हणून रडायचं? राजकारण आहे ते.

मक्याच्या_देशात:
आता सरळ बोललात. दक्षिण कॅरोलायनात आमचं काम कमी पडलं, चर्चमधल्या बायकांपर्यंत प्रचार पोचला नाही, हे मी तिथल्या आमच्याच लोकांकडून ऐकलंय. पण बर्नीमागे फक्त गोरे होते हे मी ऐकून घेणार नाही. २०२० चं नेवाडा बघा. पूर्व लास वेगासच्या लॅटिनो वस्तीत ऑफिस टाकलं, स्पॅनिश बोलणारे लोक घरोघर पाठवले. कॅसिनो कामगारांच्या युनियनचा स्वतःचा चांगला इन्शुरन्स आहे, म्हणून युनियनने पत्रकं वाटली की बर्नी आला तर तो जाईल. तरी स्ट्रिप या कॅसिनोंच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत भरलेल्या बहुतेक कॉकसमध्ये खोल्या साफ करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या त्याच कामगारांनी बर्नीला पुढे काढलं, राज्यात प्रतिनिधींच्या हिशेबात तो ४७ टक्क्यांच्या आसपास गेला. स्वतःचा इन्शुरन्स असलेली माणसं होती ती. आता सांगा, यांना कशाचा मोह होता?

अटलांटाचे_आप्पा:
नेवाडाचं वाचतो. दक्षिण कॅरोलायना त्याच्या एका आठवड्यानंतरच होती, एवढं तुम्हीही लक्षात ठेवा.