मदत हवी आहे: परसबागेतल्या वाटांवर लाकडाच्या ढलप्या टाकू का? (कोल्हापूर, काळी माती)

परसदार

मंडळी, मृगाला तीन आठवडे उरलेत, म्हणून घाईनं धागा काढतेय.

आमचं घर कळंब्याकडं. मागं वीस बाय चोवीस फुटांची जागा आहे, त्यात पाच वाफे: वांगी, मिरची, मेथी-कोथिंबीर, घेवडा, आणि कडेला मांडवावर दोडका. वाफ्यांची तक्रार नाही, रडगाणं आहे ते मधल्या चार वाटांचं. घर बांधताना जागा खोलगट होती म्हणून काळी माती आणून भर घातली. तेव्हा फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं.

परवा वळीव झाला, जेमतेम अर्धा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा (माझे सासरे, वय ७८) मिरच्या तोडायला गेले आणि पाय वर आला, चप्पल आली नाही. मी ओढून काढली तर तळाला बोटभर जाड मातीची दुसरी चप्पल. खुरप्यानं खरवडली तेव्हा निघाली. आबा हसत होते. मला हसू येईना, कारण गेल्या श्रावणात याच वाटेवर घसरून त्यांचं मनगट महिनाभर प्लॅस्टरात होतं. बागेत जाऊ नका म्हटलं तर ऐकणार नाहीत, आणि तसं म्हणावंसंही वाटत नाही.

फरशीवर शेवाळ धरतं. मुरूम शेजारच्या काकांनी टाकला होता, दोन पावसाळ्यांत मातीनं गिळला. परदेशातल्या बागांच्या व्हिडिओत वाटांवर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर दिसतो, बाया खुशाल बूट घालून फिरत असतात. पण तिथला पाऊस रिमझिम, आपल्याकडं आर्द्रा लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. ढलप्या वाहून जातील का? वाळवी येईल का? भाजीचं नत्र खातात म्हणतात, ते खरं का? आणि मुळात मागायचं काय, वखारीत 'वूडचिप' म्हटलं तर माणूस माझ्याकडं बघतच राहिला.

वरंबा

वहिनी, ढलप्या राहू देत बाजूला. पहिलं पाणी कुठं जातंय ते बघा. पुढच्या पावसात छत्री घेऊन तिथं उभं राहायचं आणि वाटेत पाणी कुठं थांबतंय तिथं काठी रोवायची. साचलेल्या पाण्यात ढलप्या टाकल्या तर महिन्यात आंबूस वास मारायला लागतील, आणि मोठी सर आली की तरंगून मेथीत जाऊन बसतील.

माझं शेत कागलकडं, घरामागं तुमच्यासारखीच काळी. मी काय केलं सांगतो. वाट चार इंच खोदली, ती माती वाफ्यावर चढवली. वाफा आपसूक उंच झाला. वाटेला वीस फुटांत तीन इंच उतार दिला (गवंड्याकडची पातळी बघायची पाण्याची नळी लावून बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका) आणि खालच्या टोकाला चर काढून पाणी बाहेर सोडलं. मग खाली पुठ्ठा अंथरून वर ढलप्या भरल्या. ढलप्या टाकल्या म्हणून चिखल जात नाही हो, पाणी निघून जातं म्हणून जातो. ढलप्या फक्त पाय मातीला लागू देत नाहीत.

लव्हाळा आहे का तुमच्यात? असला तर आधी गाठींसकट खणून काढा. हरळी पुठ्ठ्याखाली दबते, लव्हाळा पुठ्ठा फोडून वर येतोय.

रंधा

ताई, आमचा सुतारकामाचा धंदा आहे, म्हणून वखारीचं सांगतो. तिथं तीन वेगळ्या वस्तू मिळतात. करवतीखाली पडतो तो भुस्सा. तो वाटेवर टाकू नका, भिजला की लापशी होते आणि वाळला की वाऱ्यावर घरात. रंध्याचा कीस दिसायला छान, पण हलका, पहिल्या सरीला तरंगतो. तुम्हाला पाहिजेत ओंडका तासताना निघणाऱ्या साली आणि ढलप्या, अंगठ्याएवढ्या ते बोटाएवढ्या. 'जळणाच्या बारीक ढलप्या' म्हणा, लगेच कळेल.

फर्निचरच्या कारखान्यातलं फुकट मिळतंय म्हणून आणू नका. प्लायवूड, एमडीएफमध्ये फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, लॅमिनेटचे तुकडे असतात. वाळवीचं औषध मारलेलं किंवा रंगवलेलं जुनं लाकूडही नको. पायाखाली आज आहे, पण कुजून उद्या भाजीतच जाणार.

हिशोब सोपा आहे. चार वाटा, वीस फूट लांब, दीड फूट रुंद धरल्या तर १२० चौरस फूट. चार इंच थर म्हणजे ४० घनफूट. दबतं, म्हणून अर्धा ब्रास (५० घनफूट) सांगा.

पाचटवाला

लाकूड कशाला शोधत बसलाय? आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट बांधाबांधावर पडलंय, लोक पेटवून देतात. कुट्टी करून टाका की.

परसदार

दादा, पाचट गेल्या वर्षी टाकून झालं. वाळलेलं असताना निसरडं, आबांना तेच नको. पानाच्या कडा पायाला कापतात, आणि दिवाळीपर्यंत सगळं कुजून गेलं. वाफ्यात आच्छादन म्हणून मात्र भारी, मिरचीला घातलंय.

रंधा दादा, उशीर झाला हो! स्वस्तात मिळालं म्हणून दोन पोती एका फर्निचरवाल्याकडून आणली होती. काल उघडून बघितली तर निम्मी पांढऱ्या लॅमिनेटच्या कपच्या. बसून वेचल्या, मग कंटाळून दोन्ही पोती परत केली.

माती_परीक्षक

नत्राचं राहिलंच. मातीतल्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतं. लाकडात कर्ब त्याच्या कितीतरी पट. म्हणून ताजं लाकूड मातीत *मिसळलं* की जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पिकं पिवळी पडतात. नुसतं वर पसरलं तर हा प्रकार लाकूड जिथं मातीला टेकतं तेवढ्या पातळ थरात होतो. वाटेवर पीक नाही, त्यामुळं चिंता नाही. फक्त खुरपताना ढलप्या वाफ्यात ओढल्या जाणार नाहीत एवढं बघा.

वाळवी येणार. जमिनीत असतेच, तिला जेवण वाढल्यावर ती का येणार नाही? घराच्या भिंतीपासून, दाराच्या चौकटीपासून दीड-दोन फूट जागा मोकळी ठेवा, तिथं खडी घाला. भिंतीवर मातीच्या नळ्या चढताना दिसतात का, ते महिन्यातून एकदा बघायचं. पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, ती बुरशी लाकूड कुजवणारी, भाजीला काही करत नाही. गोगलगाईंकडं मात्र लक्ष ठेवा. ओल्या ढलप्यांखाली दिवसा लपतात, रात्री मेथीवर. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाटेत ठेवायचं, सकाळी उलटून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात.

परसदार (नारळी पौर्णिमेनंतर)

मंडळी, सगळ्यांचं ऐकलं. खोदाई केली, उतार दिला, खाली पुठ्ठ्याचे दोन थर (चिकटपट्ट्या सोलून), वर अर्धा ब्रास ढलप्या. बहुतेक बाभळीच्या असाव्यात, पहिले आठ दिवस बागेतून जाताना वखारीत गेल्यासारखा वास यायचा.

पुनर्वसूत सलग पाऊस लागला तेव्हा तीन वाटा जागच्या हलल्या नाहीत. चौथी, मांडवाखालची, निम्मी वाहून चरात गेली. तिथं उतार मी डोळ्यानं दिला होता, वरंबा दादा, नळी न लावता. फावड्यानं परत भरली.

गोगलगाई पहिल्या रात्री गोणपाटाखाली ४३ निघाल्या, आबांनी मोजल्या. भिंतीवर नळी एकही नाही. लव्हाळा दाराजवळच्या कोपऱ्यात वर आलाय, पुठ्ठ्याला सुईनं भोकं पाडल्यासारखा.

आबा रोज सकाळी परडी घेऊन जातात. परवा आल्यावर चप्पल उलटी करून मला दाखवली, तळाला दोन ढलप्या आणि एक मिरचीचं पान, बस्स.

आता पुढचं विचारते. खालचा थर आत्ताच काळा, भुसभुशीत व्हायला लागलाय, उकरला की गांडुळं दिसतात. दिवाळीनंतर तो चाळून वांग्याच्या वाफ्यात घालू का, की नत्राच्या भीतीनं अजून एक वर्ष वाटेवरच राहू देऊ? माती_परीक्षक, तुम्ही बघाल का? फोटो उद्या उजेडात काढून टाकते.