फोटोवरून की समोरच्या फुलावरून?

फुलाचं चित्र फोटो बघून काढलं तर काय बिघडतं, असं एकाने विचारलंय. मीही ठाण्यात गॅलरीतली जास्वंद आधी फोटोवरूनच काढायचे. फूल कायम चपटं यायचं! समोर घेऊन बसले तेव्हा दिसलं, पाकळ्यांखाली हिरवा पेला, त्याच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांची आणखी एक झालर. मधल्या दांडीच्या टोकाला मखमली ठिपके, मोजून पाच. जास्वंद एका दिवसात मिटते, म्हणून सकाळी आधी फूल आणि रंगांचे नमुने उरकते. पानं काय, दुपारी चहा घेता घेता काढून होतात. माप कंपासपेटीतल्या कर्कटकाने घ्या. कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम), गुळगुळीत. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली फुलं मात्र तोडू नका, राष्ट्रीय उद्यान आहे ते. वही घेऊन तिथेच बसा. ओडोमास लावून, अर्थात.