आईच्या लाळग्रंथीचं ऑपरेशन पूर्ण भूल न देता: कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. आईबद्दल (वय ६९) विचारायचं आहे.

वर्षभर तिला जेवताना डाव्या जबड्याखाली सूज येते. आमटीत चिंच असली किंवा लोणचं तोंडात घातलं की लिंबाएवढी गाठ उभी राहते. मग ती तळहाताने तिथे दाबून धरते आणि उजव्या हाताने जेवत राहते. आम्ही दाढ समजून दातांच्या डॉक्टरकडे चकरा मारल्या. शेवटी सोनोग्राफीत खडा निघाला, ११ मिलिमीटरचा, थेट ग्रंथीतच रुतलेला. नळीच्या तोंडाशी असता तर तोंडातूनच काढता आला असता. तीनदा पू झाल्यामुळे सर्जन आता ग्रंथीच काढायची म्हणतात. त्यांनी जबड्याखाली दाबलं तेव्हा जिभेखालून लाळेऐवजी पिवळट पू आला. तो पाहिल्यावर मलाही पटलं.

प्रश्न फुप्फुसांचा आहे. आईने विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीच्या धुरात काढली. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, फुंकायच्या तपासणीत एफईव्ही वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, अपेक्षेच्या ४२ टक्के आलं. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण भूल देऊन घशात नळी घातली तर नंतर व्हेंटिलेटर सुटायला वेळ लागू शकतो. त्यापेक्षा मानेत ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन), जिभेच्या नसेजवळ वेगळं इंजेक्शन आणि हलकी गुंगी. श्वास तिचा तीच घेईल. मानेत खोलवर दिलेल्या ब्लॉकने श्वासपटलाची नस काही तास लुळी पडू शकते, म्हणून सुई वरवरच टोचणार, मानेच्या मोठ्या स्नायूच्या मागच्या कडेला. इतकं नीट समजावलं त्यांनी, तरी घरी आल्यावर एकेक शंका निघतेय.

असं ऑपरेशन कुणाच्या घरी झालंय का? आत ओढताना, दाबताना किती जाणवतं? मान एका बाजूला वळवून, तोंडावर कापड असताना ती तास-दीड तास स्थिर राहील का? आडवं झोपलं की तिला धाप लागते, उशाकडची बाजू उंच ठेवून करतात का? गुंगी जास्त झाली आणि श्वास मंदावला तर तेव्हा नळी घालणं अवघड जातं का? चेहऱ्याजवळ ऑक्सिजन चालू असताना कॉटरी (रक्त थांबवायचं विजेवरचं चटका देणारं उपकरण) वापरली तर पेट घेण्याचा धोका असतो असंही कळलं, त्याची काळजी कशी घेतात? खालच्या ओठाच्या कोपऱ्याची नस तिथूनच जाते. ओठ वाकडा झालाच तर किती दिवसांत सुधारतो?

इथे कुणी भूलतज्ज्ञ असतील तर त्यांनी जरूर लिहावं. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. सोमवारी पुन्हा भेटायचं आहे, त्याआधी प्रश्न लिहून न्यायचे आहेत. आई मात्र एकच विचारते, "चिरलेलं असताना मधेच खोकला आला तर?" यादीत तो सगळ्यात वर लिहिलाय.